निरीक्षक दुकानात आला तर काय दाखवावे, काय जपावे?

विष्णुपुरी म्हटले की एके काळी गोदावरीवरचे धरण आणि अभियांत्रिकी महाविद्यालय एवढेच डोळ्यांपुढे येई. आज नांदेड, हिंगोली, परभणीकडची आणि थेट तेलंगणातलीही माणसे येथे येतात ती डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी. रुग्णालय आले की औषधाची दुकाने येतात, दुकाने आली की परवाने येतात आणि परवाना आला की तपासणीही येतेच. आपल्यातील कितीतरी तरुण फार्मसी शिकून या धंद्यात उतरले आहेत. काहींनी आईच्या अंगावरचे दागिने गहाण ठेवून दुकान टाकले आहे. अशा दुकानाच्या पायरीवर अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक चढला की मालकाच्या पोटात गोळा येतो. घाबरलेला माणूस दोन चुका करतो. जे दाखवावयास हवे ते लपवितो आणि जे जपावयास हवे ते गावभर सांगत सुटतो. या दोन्ही चुका टाळता येतात. कशा, तेच आज आम्ही सांगणार आहोत.

चौकशीआधी बोभाटा

वाचकांना स्मरत असेल, ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत विष्णुपुरीच्या या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा असल्याचा आरोप झाला, रुग्णालय प्रशासनाने तो नाकारला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण चौकशीचा कागद पुढे सरकण्याआधीच एका खासदाराने रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करावयास लावले आणि ती दृश्ये देशभर पोहोचली. रुग्णालयाचे दोष होते की नव्हते, हा वेगळा प्रश्न. चौकशीचा निष्कर्ष येण्याआधीच माणसाची अब्रू चव्हाट्यावर आली, एवढे मात्र सर्वांनी पाहिले.

सरकारी नोकरीतल्या माणसाला निदान पगार असतो. दुकानदाराची अब्रू हेच त्याचे भांडवल. 'त्याच्याकडे धाड पडली' एवढे वाक्य बाजारात फिरले की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. पुढे तपासणीत काहीही निघाले नाही, तरी ते गिऱ्हाईक परत येईलच असे नाही. म्हणून चौकशीची गुप्तता ही केवळ सरकारच्या सोयीची बाब नाही, ती आपल्या रोजीरोटीचीही बाब आहे.

तपासणी हवीच कशाला?

काही बांधव म्हणतात, हा सारा छळवाद आहे. आम्हाला तसे वाटत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या आरंभी १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरावयाचे विषारी द्रव्य होते. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने या प्रकरणाची मुळापासून छाननी केली. पुरवठादारापुरते न थांबता आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीवर, अन्न व औषध प्रशासनाच्या ढिलाईवर आणि मंत्रालयापर्यंतच्या हस्तक्षेपावर ताशेरे ओढले.

जवळजवळ ४० वर्षांनी तेच विष पुन्हा आले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली. त्यांतील काहींवर नागपुरात उपचार चालू होते. 'कोल्ड्रिफ' नावाच्या त्या सिरपची बॅच एसआर-१३ तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झाली होती. तेथील सरकारी प्रयोगशाळेत तिच्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या बॅचची विक्री थांबवावी आणि साठा असल्यास कळवावे, असे दुकानदारांना बजावले. अशा वेळी कोणत्या गावात, कोणत्या दुकानात किती बाटल्या गेल्या हे शोधावयाचे कशावरून? होलसेलरच्या आणि किरकोळ दुकानदाराच्या बिलांवरून. ज्याने बिल ठेवले नाही, त्याच्या दुकानातली बाटली कोणाच्या मुलाच्या पोटात गेली हे कोणालाच सांगता येत नाही.

काय दाखवावे

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. नियमांप्रमाणे निरीक्षकाने प्रत्येक परवानाधारक दुकान वर्षातून निदान एकदा तपासावयाचे असते आणि लेखी तक्रार आली तर तिचीही चौकशी करावयाची असते. म्हणजे निरीक्षक आला याचा अर्थ आपल्यावर संशय आहेच असा नाही. त्याचे ओळखपत्र आदराने मागावे, पाहावे आणि खुर्ची द्यावी.

तो बिलबुके, खरेदीची बिले, नोंदवह्या मागेल. त्या ठेवणे आणि मागताच दाखविणे ही परवान्याचीच अट आहे. नकार देणे किंवा अडथळा आणणे हा स्वतंत्र गुन्हा होतो. मूळ तक्रार फोल निघाली तरी अडथळ्याचा खटला उभा राहू शकतो. दुकानात फॉर्म ३५ मधील तपासणी वही असावयास हवी. निरीक्षकाने तिच्यात शेरा लिहिला की तो त्याच वेळी वाचून घ्यावा.

येथे आमच्या व्यापाऱ्यांचा एक अवघड प्रश्न येतो. माल ओळखीच्या माणसाकडून घेतलेला असतो. कधी तो नातलग असतो, कधी जुना दोस्त. निरीक्षक विचारतो, हा माल कोणाकडून घेतला? दुकानदाराला वाटते, नाव सांगितले तर दोस्ती तुटेल, पुढे उधारी मिळणार नाही. कायद्याच्या कलम १८-अ प्रमाणे मात्र माल कोणाकडून घेतला त्याचे नाव, पत्ता व तपशील सांगणे बंधनकारक आहे. हे गुपित कायदा मानीत नाही. उलट नाव सांगण्यातच दुकानदाराचे संरक्षण आहे. कलम १९ असे सांगते की, माल परवानाधारक पुरवठादाराकडून घेतला, तो निकृष्ट आहे हे ठाऊक नव्हते व वाजवी काळजी घेऊनही कळणे शक्य नव्हते, आणि तो आला त्याच स्थितीत नीट साठविला, या तीन गोष्टी सिद्ध केल्या तर विक्रेत्याला बचाव मिळतो. पहिली गोष्ट सिद्ध कशाने होणार? पक्क्या बिलाने. कच्च्या चिठ्ठीवर चार टक्के स्वस्त मिळालेला माल शेवटी सर्वांत महाग पडतो. ज्या दोस्ताला बिल द्यावयास नको असते, त्याच्या दोस्तीची किंमत आपल्या परवान्याने का चुकवावी?

नमुना घेतला तर

निरीक्षकाने औषधाचा नमुना घेतला तर तो कशासाठी हे त्याने फॉर्म १७ मध्ये लिहून द्यावयाचे असते. नमुन्याची वाजवी किंमत तो देऊ करतो. किरकोळ दुकानात घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करून ते सीलबंद केले जातात. बंद पाकिटे असतील तर तितकी पाकिटे घेतली जातात. त्यांतील एक भाग आपल्याला मिळतो. हा भाग कपाटात टाकून विसरू नये. त्याचे सील जपावे आणि थंड जागेत ठेवावयाचे औषध असेल तर थंड जागेतच ठेवावे. पुढे वाद झाला तर हाच भाग उपयोगी पडतो. माल जप्त झाला तर फॉर्म १६ मधील पावती घ्यावी. विक्री थांबविण्याचा आदेश फॉर्म १५ मध्ये येतो आणि त्याची मुदत २० दिवसांपेक्षा जास्त नसते. त्या काळात तो माल हलवू नये, परतही पाठवू नये.

पंचनामा झाला तर शांतपणे वाचावा. बॅच नंबर, नगांची संख्या, वेळ बरोबर आहे ना ते पाहावे. चूक असेल तर तेथेच नम्रपणे दाखवावी. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नये. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम २०(३) सांगते. पण त्याचा आधार घेऊन बिलबुक लपविता येते असे समजू नये. वही दाखविणे वेगळे आणि न केलेल्या गोष्टीच्या कबुलीवर सही करणे वेगळे.

२८ दिवसांची गोष्ट

सर्वांत मोठे नुकसान होते ते येथे. समजा, एका बांधवाच्या दुकानातून नमुना गेला. काही महिन्यांनी शासकीय विश्लेषकाचा अहवाल आला, 'प्रमाणित दर्जाचा नाही'. बांधव म्हणाले, माल काही मी तयार केलेला नाही, कंपनी बघून घेईल. कागद गल्ल्याखाली गेला. वर्षभराने समन्स आले तेव्हा वकिलाने पहिला प्रश्न विचारला, अहवाल मिळाल्यापासून २८ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली होती का?

कलम २५ प्रमाणे ज्याला या अहवालाची प्रत दिली जाते, त्याने २८ दिवसांत निरीक्षकाला किंवा न्यायालयाला 'मी याविरुद्ध पुरावा देणार आहे' असे लेखी कळविले नाही, तर त्या अहवालातील गोष्टी निर्णायक पुरावा ठरतात. हरकत वेळेत घेतली तर नमुना कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे फेरतपासणीसाठी पाठवावा, अशी मागणी न्यायालयापुढे करता येते. तेव्हा अहवाल हातात पडताच त्यावर मिळाल्याची तारीख लिहावी आणि त्याच आठवड्यात जाणकाराला दाखवावा. पुरवठादारालाही लेखी कळवावे. फोनवर बोललेले पुराव्यात येत नाही.

काय जपावे

आता गुप्ततेकडे वळू. येथे तीन माणसांची गुपिते आहेत.

पहिले दुकानदाराचे. १९४५ च्या नियमांतील नियम ५३ फार थोड्यांना ठाऊक आहे. सरकारी काम किंवा न्यायालयाची मागणी हे अपवाद सोडल्यास, निरीक्षकाने कामात मिळालेली माहिती वरिष्ठांच्या लेखी परवानगीवाचून कोणालाही सांगू नये, असे तो बजावतो. आपला खरेदीचा दर, सवलत, गिऱ्हाइके, त्रुटींचा शेरा यांपैकी काहीही शेजारच्या स्पर्धकाच्या कानावर जाणे योग्य नाही. कोणी माहितीच्या अधिकारात ही कागदपत्रे मागितली तर २००५ च्या त्या कायद्यातील कलम ८ व्यापारी गुपितांना आणि चालू तपासात अडथळा आणणाऱ्या माहितीला काही प्रमाणात संरक्षण देते. आपण गोपनीय म्हणून दिलेली माहिती बाहेर द्यावयाची असेल, तर कलम ११ प्रमाणे माहिती अधिकाऱ्याने अर्ज आल्यापासून ५ दिवसांत आपल्याला नोटीस द्यावयाची असते. ती मिळाल्यापासून १० दिवसांत आपले म्हणणे मांडता येते. मात्र 'तपास चालू आहे' एवढे म्हटले की सारेच झाकले जाते असेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या निकालात, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येतो हे दाखवून द्यावे लागते, असे सांगितले आहे. ही वाट आपल्यालाही उपयोगी पडते. आपल्याविरुद्धची कारवाई रखडली तर तिचे कागद मागण्याचा हक्क आपलाही आहे.

दुसरे गुपित तक्रारदाराचे. निरीक्षक गेल्यावर दुकानदाराचा पहिला उद्योग असतो, तक्रार केली कोणी? मग शेजाऱ्यावर, काढून टाकलेल्या नोकरावर, भावकीवर संशय. त्यातून भांडणे, कधी हाणामारी. आमची कळकळीची विनंती आहे, हा शोध घेऊच नये. तक्रार खरी असेल तर चूक दुरुस्त करावी. खोटी असेल तर वही आपली बाजू मांडेल. तक्रारदाराला धमकावले तर औषधाचे साधे प्रकरण फौजदारी होऊन बसते.

तिसरे गुपित सर्वांत नाजूक, ते रुग्णाचे. १ मार्च २०१४ पासून परिशिष्ट एच-१ मधील औषधांसाठी डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण यांची वेगळी नोंद करून ती तीन वर्षे ठेवावी लागते. क्षयाचे औषध कोण नेतो, झोपेच्या गोळ्या कोणाच्या घरात जातात, कोणत्या लेकीसुनेसाठी कोणती चिठ्ठी आली, हे सारे त्या वहीत आहे. निरीक्षकाने मागितली तर ती वही दाखवावीच लागते. पण तीच माहिती मोहल्ल्यातल्या कट्ट्यावर किंवा मोबाईलवरच्या ग्रुपात गेली तर एखाद्या मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते. गिऱ्हाइकाने चिठ्ठी आपल्या हाती दिली ती अमानत म्हणून. वहीचा फोटो काढून पाठविणे, नोकराला ती घरी नेऊ देणे, रद्दीत टाकणे, हे सर्व बंद व्हावयास हवे.

नोटीस आणि अपील

तपासणीत त्रुटी निघाल्या तर परवाना अधिकाऱ्याकडून, म्हणजे सहसा जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडून कारणे दाखवा नोटीस येते. म्हणणे मांडण्याची संधी दिल्याखेरीज परवाना निलंबित किंवा रद्द करता येत नाही आणि आदेश कारणांसह लेखी असावा लागतो, असे नियम ६६ सांगतो. नोटिशीला दिलेल्या मुदतीत उत्तर द्यावे. उत्तरात रागलोभ नको. मुद्दा क्रमांक एक, त्याचे उत्तर, सोबत कागद, अशी साधी मांडणी असावी. जी चूक खरोखर झाली ती मान्य करून दुरुस्तीचा पुरावा जोडावा. चूक नोकराने किंवा गल्ल्यावर बसलेल्या पुतण्याने मालकाच्या नकळत केली असेल, मालकाची फूस नसेल आणि आधीच्या १२ महिन्यांत तसे घडले नसेल, तर ते सिद्ध करून परवाना वाचविता येतो. आदेश विरुद्ध गेला तर तीन महिन्यांच्या आत राज्य शासनाकडे अपील आहे.

या सुमारास एखादा मधला माणूस हमखास भेटतो. 'साहेबांना मी ओळखतो, एवढे द्या, प्रकरण मिटेल.' बांधवांनी ध्यानात ठेवावे, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.

आपल्या घरचे दोष

सरकारला दोष देण्याआधी आपले घर पाहू. परवाना एकाचा, गल्ला दुसऱ्याचा, हा प्रकार आपल्याकडेही आहे. फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर लटकते, फार्मासिस्ट मात्र महिन्याचे भाडे घ्यावयासच येतो. फार्मसी कायदा १९४८ नुसार नोंदणी नसलेल्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध देणे हा गुन्हा आहे. प्रमाणपत्र भाड्याने देणाऱ्या तरुणानेही विचार करावा, बापाने पोटाला चिमटा घेऊन शिकविले ते नोंदणी गमाविण्यासाठी नव्हे.

दुसरा दोष वारसाहक्काचा. वडील वारले, भाऊ दुकान चालवू लागले, भागीदारी बदलली. परवाना मात्र जुन्याच नावावर. फर्मच्या रचनेत बदल झाला तर जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने चालतो, तेवढ्यात नवा घ्यावा लागतो. २०१७ पासून परवान्याचे नूतनीकरण नाही, दर पाच वर्षांनी शुल्क भरले की तो चालू राहतो. त्यामुळे जुन्या नावाकडे वर्षानुवर्षे कोणाचे लक्ष जात नाही आणि तपासणीच्या दिवशी अचानक दुकान विनापरवाना ठरते.

आमचे जे वाचक बेकरी, हॉटेल, मिठाई किंवा मटणाच्या धंद्यात आहेत, त्यांना हे सारे परके वाटू नये. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातही नमुन्याचे चार भाग होतात. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठविण्याची मागणी नमुना घेतेवेळीच करता येते आणि अहवालाविरुद्ध अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. सोनार, तराजूवाले, पंपवाले यांचेही कायदे वेगळे, पण शिस्त तीच.

आज रात्री दुकान बंद करण्याआधी व्यापारी बांधवांनी चार गोष्टी पाहाव्यात. परवान्यावरचे नाव आजच्या मालकाचे आहे काय? खरेदीची बिले तारखेप्रमाणे लावली आहेत काय? मुदतबाह्य माल वेगळ्या खोक्यात, तशी चिठ्ठी लावून ठेवला आहे काय? रुग्णांच्या नोंदीची वही कुलपात आहे काय? चारही उत्तरे 'होय' असतील तर उद्या निरीक्षक आला, तर त्याच्यासाठी चहा सांगावा आणि वही पुढे ठेवावी. एखादे उत्तर 'नाही' असेल, तर तो येण्याची वाट पाहू नये.